रेशमीचा कान

२४ जून

आज पुन्हा तेच. संध्याकाळी माग थांबला, हे हातपाय धुऊन आले आणि माझ्याकडं न बघता रेशमीला घेऊन पुढच्या पायरीवर बसले. मी चहा ठेवला होता. त्यावर साय धरली तरी ह्यांचं कुत्रीच्या कानात औषध घालणं संपेना. शेवटी तो चहा मीच प्यायले, गार.

घरात आम्ही दोघंच. मागच्या बाजूला ह्यांचे दोन यंत्रमाग, पुढच्या खोलीत माझं फॉल-पिकोचं मशीन. सासरे, आप्पा, जाऊन दोन वर्षं होतील. मूल नाही, ते दुःख वेगळं, त्याचं इथं लिहायचं नाही. इथं मला फक्त रेशमीबद्दल लिहायचंय, कारण कुणाला सांगितलं तर हसतील. बाईमाणूस कुत्रीवर जळतंय म्हणून.

रेशमीची आई वडगावातली गावठी. बाप कुणाच्या तरी बंगल्यातला असणार, कारण हिचे कान हे एवढे लांब, गालाखाली लोंबणारे. नाव ह्यांनीच ठेवलं. आमच्या मागावर सगळं पॉलिस्टर. घरात रेशीम म्हणून आहे ती ही एकटी.

पाऊस लागल्यापासून तिचा उजवा कान बिघडलाय. आतून तपकिरी मळ येतो, आंबलेल्या पिठासारखा वास येतो आणि ती सारखी डोकं झाडते. डॉक्टरांनी सांगितलंय, लोंबत्या कानात वारा जात नाही, आत ओल राहते, मग बुरशी धरते. म्हणून आधी धुवायचं औषध कानात भरायचं, कानाच्या बुडाशी हळूहळू चोळायचं, तिला डोकं झाडू द्यायचं, वर आलेला मळ कापसानं टिपायचा, आत काडी घालायची नाही. मग थेंब. रोज सकाळ-संध्याकाळ. हे सगळं हे असं करतात की बघत राहावं. कान दोन बोटांवर उचलतात, मागावरनं उतरलेल्या साडीचा काठ तपासताना उचलतात तसा. आणि बोलणं! "दुखतंय व्हय गं? झालं, झालं. एवढंच. लई शाणी हाय ही."

परवा माझं डोकं फुटायची वेळ आली होती. मला म्हणाले, "गोळी घे."

२७ जून

मशीनवर मान घालून काम करता करता ह्यांना सांगत होते. निपाणीहून आईचा फोन आला होता, माझ्या भावाच्या मुलीचं बारसं ठरलंय, आपल्याला दोन दिवस आधी यायला सांगितलंय, बाळंतिणीला साडी कुठली घ्यायची. बरंच बोलले. उत्तर येईना म्हणून मान वर केली तर हे रेशमीच्या कानात टॉर्च मारून बघतायत.

"अहो, मी काय सांगतेय?" मी मोठ्यानं म्हणाले.

तेव्हा कुठं वर बघितलं. "काय?"

"काही न्हाय."

"बरं."

ह्यांचं हे "बरं" मला आता नकोसं झालंय. काहीही सांगा, बरं. फोनवर तर बोलतच नाहीत हल्ली. कुणाचाही फोन आला की माझ्या हातात देतात, नाहीतर मेसेज कर म्हणतात.

आणखी एक. गेल्या महिन्यापासून झोपायची जागा बदलून घेतलीय. इतकी वर्षं मी ह्यांच्या डाव्या बाजूला झोपते. आता म्हणतात, तू उजवीकडं ये. का म्हणून विचारलं तर नुसतं हसले. मला कळत नाही असं वाटतं काय? डावीकडच्या भिंतीला रेशमीचं पोतं असतं.

१ जुलै

आज नीट लिहिता येणार नाही. तरी लिहिते.

शेजारच्या मालुबाई साडीला फॉल लावायला घेऊन आल्या. साडी दिली तरी उठेनात. मग म्हणाल्या, "माधवी, एक सांगू का? रागावू नको."

"सांगा की."

"लेकीकडं अनगोळला गेलते. तिथं जनावरांचा दवाखाना हाय बघ. तिथं ज्योतिबा दिसला."

"रेशमीला दाखवायला जातात की ते."

"व्हय, कुत्री हुती. पण कुत्रीकडं कोण बघतंय? ती डॉक्टरीण बोलत हुती आन ह्यो तिच्या तोंडाकडं बघत. पापणी लवत न्हवती. गेल्या आठवड्यातबी तसंच." जाताना परत म्हणाल्या, "मला काय, मी आपलं डोळ्यानं बघितलं ते सांगितलं."

डॉक्टर बाई आहे हे मला ठाऊक नव्हतं. हे नेहमी "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणतात. डॉक्टरांनी. मी आपली मिशा असलेला कुणीतरी धरून चालले होते.

ह्यांनी माझ्या तोंडाकडं असं शेवटचं कधी बघितलं, ते आठवत बसले. मशीनचा दोरा सारखा तुटत राहिला.

३ जुलै

मीही दवाखान्यात गेले. हे नको म्हणत होते, "भिजशील" म्हणे. मी गाडीवर मागं बसलेच, मध्ये रेशमी.

डॉक्टरणीचं नाव नीलम. वय तिशीच्या आत. चष्मा, केस वर बांधलेले, हातात एकही बांगडी नाही. दिसायला काही विशेष नाही, असं मी चारदा स्वतःला सांगितलं.

ह्यांना "ज्योतिबाअण्णा" म्हणते. बरोबर उजवीकडून येते, खांद्याला हात लावते, तोंडासमोर तोंड आणते आणि मग बोलते. हे टक लावून ऐकतात. घरात जो माणूस "बरं"च्या पुढं जात नाही, तो तिथं प्रश्न विचारतो, हसतो. रेशमीच्या कानातला मळ काचेवर लावून तिनं मायक्रोस्कोपखाली बघितला. "बुरशी कमी झालीय. पण थेंब मध्येच सोडायचे नाहीत हं. सोडले तर परत उलटेल."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "वहिनी, तुम्ही आलात ते बरं झालं. घरात तुम्हाला काही जाणवलं का?"

मी म्हणाले, "जाणवतंय की. लई दिवसांपासून जाणवतंय."

तिनं ह्यांच्याकडं बघितलं. हे एकदम उठले. "चल, पाऊस वाढायच्या आत निघू."

दोघांमध्ये काहीतरी आहे. मला जे कळायला नको असं काहीतरी. रस्ताभर मी ह्यांच्या पाठीशी बोलत आले, कोण ही, किती दिवस, काय चाललंय. ह्यांनी एका शब्दाचं उत्तर दिलं नाही. पुढं बघून गाडी चालवत राहिले, जसं काही मागं कुणी बसलेलंच नाही.

६ जुलै

हे इचलकरंजीला गेले. तिथल्या दोस्तानं जुने माग घेतलेत, ते बसवून द्यायला. चार-पाच दिवस लागतील.

निघताना पिशवी भरत होते. पाठ माझ्याकडं. "रेशमीचे थेंब सांभाळ. दोन्ही वेळ. आधी धुवायचं, मग थेंब."

मला तिडीक आली. मी दारातूनच म्हणाले, "मी न्हाय घालणार. सांगून ठेवते. तुमची कुत्री, तुमची डॉक्टरीण, तुम्ही बघा. न्यायची तर बरोबर घेऊन जा."

लख्ख सांगितलं. लाईट गेली होती, गल्लीतला एकही माग चालू नव्हता, माझा आवाज मलाच मोठा वाटला.

ह्यांनी पिशवीची चेन ओढली, माझ्याकडं वळले आणि हसून म्हणाले, "बरं." रेशमीच्या डोक्यावर हात फिरवला आणि गेले.

म्हणजे माझ्या रागाची किंमत एवढीच. मग मीही बोलले ते खरं करणार.

८ जुलै

सकाळी ह्यांना फोन केला. उचलला नाही. मेसेज आला, "मेसेज कर." लगेच दुसरा, "रेशमी कशी आहे?"

मी कशी आहे ते नाही.

"आहे" एवढंच लिहून पाठवलं.

रेशमी औषधाच्या वेळेला आपणहून पायरीवर जाऊन बसते. आज बराच वेळ बसली. मग माझ्याजवळ आली आणि तो कान माझ्या पायाला घासू लागली. मी पाय काढून घेतला. नंतर वाईट वाटलं, पण बाटलीला हात लावला नाही. खाऊ घालते, पाणी देते. तेवढं पुरे.

१० जुलै

ती सारखी डोकं झाडतेय. कान गालावर फटफट आपटतात. पिकोच्या आवाजातही ऐकू येतं. अंगणातून मालुबाईंनी विचारलं, "काय झालंय गं तिला?"

आता धुवून थेंब घालावेत असं एकदा वाटलं. मग नीलमचा तो ह्यांच्या खांद्यावरचा हात डोळ्यांसमोर आला. "बरं" म्हणालेत ना? मग त्यांना चालत असणार.

११ जुलै

सकाळी बघते तर रेशमीचा कान फुगलेला. पाळी पुरीसारखी टम्म. हात लावला तर गरम, आत पाणी भरल्यासारखं. ती किंचाळली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. माझ्या बाजूनं जाताना अंग चोरलं तिनं.

मी घाबरले. ह्यांना मेसेज केला. दुपारच्या गाडीनं आले.

आल्या आल्या तिच्यापुढं बसले. कान बघितला आणि माझ्याकडं वळले. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "थेंब घातले न्हाईस?"

"न्हाय घातले."

"तुला सांगून गेलतो की मी!"

"आणि मी तुम्हाला सांगितलं होतं की मी घालणार न्हाय! इथंच, ह्या दारात! तुम्ही बरं म्हणालात!"

हे उठता उठता थांबले. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "मी बरं म्हणालो?"

"हसून म्हणालात."

चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं ह्यांच्या. राग कुठल्या कुठं गेला. खाली बसले आणि रेशमीच्या पाठीवर हात ठेवला. मी वाट बघत होते भांडणाची. भांडण झालंच नाही. नंतर एवढंच म्हणाले, "चूक माझी हाय."

ही कसली कबुली? मनात काहीतरी असल्याशिवाय माणूस असा पांढरा पडत नाही. ती डॉक्टरीण, दुसरं काय असणार.

१२ जुलै

आज रेशमीच्या कानाचं ऑपरेशन झालं. आणि मला कळलं. क्रमानं लिहिते.

नीलमनं कान बघितला आणि सांगितलं की डोकं झाडून झाडून पाळीतली शीर फुटलीय, आत रक्त साचलंय. चीर देऊन ते काढायचं आणि पाळीला टाके घालायचे, म्हणजे परत भरणार नाही. थेंब का चुकले ते तिनं विचारलं नाही. हे तिच्यासमोर मला काही बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

रेशमीला भूल दिल्यावर ह्यांना बाहेर बसवलं. तिचं पुन्हा तेच, खांद्याला हात, तोंडासमोर तोंड. "घाबरू नका अण्णा, ती बरी होईल."

ऑपरेशन झाल्यावर ती हात धुवत होती तेव्हा मी आत गेले. सरळ विचारलं. "डॉक्टर, बोलताना माझ्या नवऱ्याच्या खांद्याला हात कशाला लावता?"

ती वळली. आधी तिला कळलंच नाही मी काय विचारतेय ते. मग म्हणाली, "वहिनी, हात लावला नाही तर आपण बोलतोय हे त्यांना समजत नाही ना."

"म्हणजे?"

"डाव्या कानानं त्यांना जवळजवळ काही ऐकू येत नाही. उजव्यानंही कमी येतं. ओठांकडं बघून ओळखतात ते. मी दोन-तीनदा मागून हाक मारली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मीच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं पाठवलं." नळ बंद करून ती माझ्याकडं बघू लागली. "घरी सांगितलंय म्हणाले होते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत हाय की," मी म्हणाले. "सांगितलंय त्यांनी."

खोटं बोलले. तिच्यापुढं मला ते "नव्हतं" म्हणवेना.

रेशमीच्या डोक्याभोवती पट्टी आहे, दोन्ही कान आत बांधलेत. पट्टीला पंजा मारू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. येताना मी तिला मांडीवर घेऊन बसले. गाडीवर ह्यांच्या पाठीशी आज एक शब्द बोलले नाही.

१३ जुलै

मला आधी वाईट वाटायला पाहिजे होतं. आधी राग आला, हे खरं लिहिते. त्या बाईला एवढ्याशा ओळखीत कळलं आणि अकरा वर्षं एका घरात राहून मला कळलं नाही. तिच्या चष्म्याचा राग आला, तिच्या शिक्षणाचा आला, मग माझा आला.

दिवसभर एकेक गोष्ट उलटी करून बघतेय. फोन. गाडीवरचं ते गप्प राहणं. मी मशीनवर मान घालून बोलते, माझे ओठ ह्यांना दिसणार कुठून? सहा तारखेला पाठमोऱ्या माणसाला मी एवढं सगळं सुनावलं. ह्यांनी वळून बघितलं तेव्हा माझं बोलून झालं होतं. बायको दारात उभी आहे, म्हणजे निरोप द्यायला आली असणार, म्हणून हसून बरं म्हणाले.

म्हणजे मी सांगितलंच नव्हतं. आणि रेशमीच्या कानावर बेतलं ते त्यात.

जागा बदलून मला उजवीकडं का घेतलं, तेही आता कळलं. त्यावर जास्त लिहीत नाही.

१५ जुलै

दोन दिवस धीर झाला नाही. आज संध्याकाळी मशीन बंद करून ह्यांच्या समोर जाऊन बसले. अगदी समोर.

"तुम्हाला ऐकू येत न्हाय," मी म्हणाले.

"काय?" म्हणाले सवयीनं. मग तोंड तसंच राहिलं. हळूच विचारलं, "कुणी सांगितलं?"

"तुमच्या डॉक्टरणीनं."

"मी तिला न्हाय सांगितलं. तिनंच वळखलं."

"आणि मला?"

हे रेशमीच्या पट्टीकडं बघत बोलले. "मागाचा आवाज, दुसरं काय. आप्पांचे कानबी असेच गेले. तुला आप्पा आठवतात? चार माणसं जमली की मधे बसायचे. कोण काय बोललं ते कळायचं न्हाय, म्हणून सगळे हसले की तेबी हसायचे. कधी कधी भलत्याच ठिकाणी हसायचे. मग लोक त्यांनाच हसायचे." माझ्याकडं बघून म्हणाले, "तूबी हसायचीस गं."

हसायची. पदर तोंडाला लावून, पण हसायची. सगळेच हसायचे. 

आणि त्याच वेळी माझ्या तोंडातून गेलं, "रेशमीला बरं कळू दिलंत!"

काय हे बोलणं. जीभ चावली. पण ह्यांनी मन लावून उत्तर दिलं. "तिचं तिलाच कळलं. दारात कुणी हाक मारली की येऊन माझ्या पायाला नाक लावती. मग मी वळून बघतो. आता तिचेच कान बांधल्यात. काल सूतवाला रवळू हाका मारून परत गेला म्हणं."

"मला सांगायचं न्हाय? मी होते की घरात. मीबी नाक लावलं असतं."

हे हसले. मी रडले, थोडं. मग ह्यांनी विचारलं, "त्या दिवशी दारात काय म्हणालतीस? सगळं सांग." मी तोंड नीट दिसेल असं बसून सगळं सांगितलं, तुमची कुत्री, तुमची डॉक्टरीण, सगळं. डॉक्टरणीचं ऐकून त्यांना आधी कळेना, मग कळलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, ती मला अण्णा म्हणती."

"अण्णा तर मालुबाईची सूनबी म्हणती," मी म्हणाले. पूर्ण गेलेलं नाही माझं जळणं.

१९ जुलै

कानाच्या डॉक्टरांकडं दोघं गेलो. ह्यांचा डावा आता येणार नाही. उजव्याला ऐकायचं मशीन लावायचंय, आणि मागावर काम करताना कान झाकायचे. हे म्हणाले, रस्त्यात लावून फिरणार न्हाय. मी म्हणाले, घरात लावा, मला रस्त्याशी काय करायचंय.

रेशमीची पट्टी बदलली. टाके वाळतायत. पाळी थोडी चुरगळलेली राहील, इस्त्री न केलेल्या कापडासारखी, असं नीलमनं सांगितलं. दुसरा कान बिघडू नये म्हणून तोही रोज बघायचा. आज मी बघितला. माझा हात जवळ आला की रेशमी अजून डोळे मिटून घेते. ह्यांनी तिचं डोकं धरलं आणि मी कापसानं टिपलं. "हळू," म्हणाले, "बुडाशी चोळ, वर न्हाय." शिकवताना आवाज मऊ होता. माझ्यासाठी की तिच्यासाठी, ते ठरवता आलं नाही.

२२ जुलै

दुपारी लाईट गेली. माग थांबले, गल्ली गप्प. हे खुर्चीवर बसून सुताचा गुंता सोडवत होते, मी खाली चटईवर बसून साडीला हातानं फॉल घालत होते. रेशमी नरसाळ्यात तोंड घालून गाढ झोपलेली, पट्टीत कान बांधलेले.

बाहेरून रवळूनं हाक मारली. "ज्योतिबाअण्णा! ओ अण्णा!"

ह्यांची मान हलली नाही. रेशमीचीही नाही. मी उठणारच होते. पण मांडीवर साडी पसरलेली, सुई टोचलेली. म्हणून बसल्या जागेवरून हात लांब केला आणि ह्यांच्या पोटरीला बोटं लावली.

हे लगेच खाली वाकले. "काय गं? कोण आलं?" ह्या घरात तो मऊ आवाज मी रोज ऐकते. तो कुणासाठी असतो तेही मला ठाऊक आहे. मग त्यांना माझा हात दिसला, बांगड्या दिसल्या.  पण आवाज बदलला नाही. पुन्हा तसंच विचारलं, माझ्या तोंडाकडं बघत, "कोण आलं गं?"

"रवळू," मी म्हणाले.

पहिल्यांदा विचारलं ते माझ्यासाठी नव्हतं, एवढं मला कळतं. दुसऱ्यांदाचं माझं. रेशमी झोपली होती, तिला काही कळलं नाही.